पेटीच्या वरच्या चौदा पट्ट्या

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

नवी वही. बाहेर सगळं तमिळ, वहीत मात्र आपली घरातली मराठी. माझी आई पत्र लिहायला बसली की आधी घरातल्या एकेकाची तब्येत विचारायची, मग कामाचं लिहायची. मीही नवी वही उघडली की तसंच करते. वही उत्तर देत नाही, म्हणून उत्तरंही मीच लिहिते.

आमचे हे, म्हणजे त्यागराज (वहीत नाव घेतलं तर कोण अडवतंय), गुडघा कसा आहे? तसाच. जिना उतरताना कुरकुरतो म्हणे. मी शेजारून उतरते, मला कुरकुर कधी ऐकू आली नाही. निम्मं नाटक असणार.

सत्या, तुझी साखर? उतरली म्हणतो, पण खिशात कडलैमिठाईचा कागद सापडला. लेक बँकेत अधिकारी झाला तरी शेंगदाण्याच्या चिक्कीपुढे बाळच.

भुवना, तुझी कंबर? बरी आहे, तोंड मात्र उतरलंय. हल्ली माझ्याशी बोलते ती एकतर ओठांतल्या ओठांत, नाहीतर अंगावर ओरडून. मधलं काही नाही. सून गुणाची आहे, म्हणून मनावर घेत नाही.

लावण्या, हैदराबादेत वेळेवर जेवतेस ना गं? मागच्या रविवारी नातीने अर्धा तास फोनवर गप्पा मारल्या. फोन आजकाल फार वाईट येतात, शब्दांची शेपटं कापून टाकतात. पण तिचा आवाज कानाशी आहे एवढंच मला पुरतं. मी आपली "छान, छान, देवाने बरंच केलं" म्हणत राहिले. मग ती एकदम गप्प झाली आणि फोन ठेवला. आज फोन नाही. कामात असेल. पोंगलनंतर तिचा साखरपुडा. साड्या घ्यायला तिरुभुवनमला जाऊ म्हणून मी भुवनाला दोनदा म्हटलं, दोन्ही वेळा "बघू". त्यात बघायचं काय?

कढीपत्त्यावरच्या शिंपी पक्ष्यांची तब्येत विचारायला ती जोडीच उरली नाही. वर्ष झालं, हूं नाही की चूं नाही. मोबाइलच्या टॉवरने पळवली. आणि कुकरची शिट्टी बिघडली. परवा माझ्यासमोर डाळ करपली. नवी शिट्टी आणली तर तीही मुकी.

मी स्वतः? चौऱ्याहत्तराव्या वर्षी ठणठणीत.

२० नोव्हेंबर

आज घरी ज्ञानमणी टीचर आल्या. वडवाऱ्याच्या कालव्यापलीकडे लहानशी चर्च आहे, तिथे त्या मुलांना गाणी शिकवतात. त्यांच्या चर्चमध्ये जुनी पायपेटी आहे, टीचरांची आई वाजवायची. दहा वर्षं तिच्यावर चादर आहे. ती दुरुस्त करून द्याल का, म्हणाल्या.

"कीबोर्ड आहे की तुमच्याकडे," मी म्हटलं.

"आहे अक्का. पण कीबोर्ड श्वास घेत नाही. भाता हलताना दिसला की मुलं आपोआप त्याच्याबरोबर श्वास घेतात. आई अशीच शिकवायची."

ही बाई मला तिथेच आवडली.

१५ डिसेंबरला त्यांचा कुटुंबांचा रविवार आहे. त्या दिवशी आईबाप, आजीआजोबा, पोरं सगळे एकत्र बसून गातात. टीचरांनी त्यासाठी तमिळमध्ये नवं गाणं केलंय. अर्थ साधाच: येशू, आमच्या उंबऱ्याशी थांबू नकोस, भात शिजत आलाय, अम्मा चटई पसरतेय. मग एक मुलगी एकटी म्हणते, "ये, ये, आत ये", प्रत्येक 'ये' आधीपेक्षा वर. आणि सगळी कुटुंबं खालून उत्तर देतात, "आम्ही घरीच आहोत." ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पाहुण्याला आत ये म्हणणं यात माझा देव आणि तुझा देव कुठून आला?

हे मात्र सुपारी कातरत म्हणाले, "पन्नास वर्षं मारुतीपुढे पेटी वाजवली. आता त्याला काय सांगणार?"

"सांगेन, शेजारी काम निघालंय, येते जाऊन."

"आणि तुला ऐकू येईल का त्यांचं?"

हा ह्यांचा रोजचा टोमणा. सांगितलेलं सामान आणलं नाही की "ऐकू येत नाही हिला". चाळीस वर्षं ऐकतेय.

२६ नोव्हेंबर

सहा दिवस पायपेटीशी झटले. भात्याला उंदरांनी दार केलं होतं, तिथे कातडं चिकटवलं. धूळ काढली. रीड एकेक काढून पुसल्या. हे काम मला कुणी शिकवलं नाही. लग्नात मिळालेली पेटी बिघडली आणि ती दुरुस्त करणाऱ्याने महिना लावला, तेव्हा मीच उघडली. रीड म्हणजे पितळेची पातळ जीभ. टोकाशी कानस फिरवली की सूर चढतो, बुडाशी फिरवली की उतरतो. तेव्हापासून गावातल्या निम्म्या भजनी मंडळींच्या पेट्या माझ्या हाताखालून गेल्या. पोरं मला 'पेट्टी पाट्टी' म्हणतात, पेटीवाली आजी.

खालची दोन सप्तकं तर मधासारखी लागली. वरच्या चौदा पट्ट्या मात्र हट्टी. दाबल्या की नुसता वारा. पुसल्या, वाकवल्या, तरी तोंड उघडेनात. दमट हवेने मुक्या झाल्या असणार. शेवटी टोकाला कानस लावली. थोडी, मग अजून थोडी. दोन दिवस घासल्यावर कुठे जरा कुजबुजल्यासारख्या वाटल्या.

मी वाजवून दाखवलं तर टीचरांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. बिचारीला गार वारा सोसत नाही. मी उठून खिडकी लावली.

जाताना त्या म्हणाल्या, अगदी माझ्या तोंडाशी येऊन, "अक्का, त्या दिवशी खालच्या सप्तकातच वाजवा. वर जाऊ नका." माझ्या बोटांची काळजी. किती ही माया!

१ डिसेंबर, रविवार

तालीम. तीसेक पोरं, चटयांवर. एकटीने 'ये, ये' म्हणायला अमला नावाची सात वर्षांची मुलगी निवडली आहे. दोन वेण्या, पुढचा दात पडलेला. पण काय सांगू, ती गातच नाही! सगळी पोरं गातात, त्यांचा आवाज येतो. ही नुसते ओठ हलवते. दोनदा पाहिलं. आणि बाकीची पोरं, टीचर, सगळे तिच्याकडे असे बघतात जणू काही अमृत झरतंय.

तालीम संपल्यावर मी तिला जवळ घेतलं. "घाबरायचं नाही हं. मोठ्याने गायचं. मी आहे ना पेटीवर."

ती टीचरांकडे बघायला लागली. टीचर खाली बघायला लागल्या. लाजऱ्या मुलीला पुढे करतात आणि समजावत कुणी नाही. मी ठरवलंय, त्या दिवशी मी तिला सांभाळून घेणार.

८ डिसेंबर, रविवार

लावण्याचा फोन नाही. भुवनाला विचारलं तर म्हणाली, "मला येतो की." मग मला का नाही? भुवना काहीतरी बोलली आणि परातीत कणीक मळत राहिली.

१५ डिसेंबर, रविवार

जे झालं ते लिहिते, मग बघू.

चर्च भरली होती. पायऱ्यांवर चपलांचा ढीग, बायकांच्या डोक्यावर पदर, वेण्यांत मोगरा. आमचे हे आणि भुवना मागच्या बाकावर. त्यांच्या पाळकांना चर्चमधली माणसं 'अय्यर' म्हणतात. ह्यांनी आल्या आल्या माझ्या कानाशी विचारलं, "हे अय्यर कुठल्या गोत्राचे?" मी हसत हसत पेटीशी बसले. शेवटचं हसले ते तेव्हा.

गाणं सुरू झालं. उंबरा, भात, चटई, सगळं छान. मग अमला पुढे आली. मी सूर धरला. तिने तोंड उघडलं. आवाज नाही. पहिला 'ये' गेला. काही नाही. सगळी कुटुंबं बघताहेत आणि लेकरू मुकं उभं. मी सूर वर नेला, वरच्या सप्तकात, की तिला आधार मिळावा. भाता जोरात मारला. चौदाच्या चौदा पट्ट्यांतून तिला हात दिला. तरी ती गाईना. तेव्हा मी वाजवता वाजवता ओरडले, "पाडुम्मा! गा गं बाई, भिऊ नको!"

मुलांनी कान झाकले. एक तान्हं बाळ रडायला लागलं, त्याचं तोंड दिसलं. अय्यर उठून उभे राहिले. टीचरांनी येऊन माझी दोन्ही मनगटं धरली आणि पट्ट्यांवरून उचलली. अशी, जशी आई मुलाचा हात निखाऱ्यावरून उचलते.

अमला पळत जाऊन आईच्या कुशीत शिरली. 'आम्ही घरीच आहोत' कुणी म्हटलंच नाही.

माझं काय चुकलं? ती गात नव्हती, मी सांभाळून घेतलं. येताना मी म्हटलं, "लाजऱ्या मुलीला पुढे करू नये." ह्यांनी माझा हात हातात घेतला. ऑटोत. दिवसाढवळ्या. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

१६ डिसेंबर

सत्याने कालचा व्हिडिओ दाखवला. कुणीतरी चर्चमधून पाठवलेला. भुवना "नको, नको" म्हणत होती असं वाटतं, हात तसा हलत होता.

अमला पडद्यावर मोठी दिसते. तोंड हे एवढं उघडलेलं. मानेच्या शिरा ताठ. गळा वर खाली होतोय. गाणं न म्हणणाऱ्या मुलीच्या मानेच्या शिरा ताठतात का?

मी म्हटलं, "आवाज वाढव." सत्याने वाढवला. भुवनाने डोळे मिटून घेतले. ह्यांनी तोंड फिरवलं. मी फोन कानाला लावला. मुलांचं गुणगुणणं, पेटीचा खालचा सूर, माणसांची कुजबुज. अमलाच्या जागी काही नाही. नुसती पोकळी.

"ही गातेय?" मी विचारलं.

ह्यांनी 'हो' म्हणून मान हलवली.

"आणि पेटीच्या वरच्या पट्ट्या? त्याही वाजताहेत?"

सत्या वळला. हे माझ्यासमोर येऊन बसले, गुडघा दुखत असूनही खाली जमिनीवर, आणि एकेक शब्द माझ्या डोळ्यांसमोर धरून बोलले. "अंबे, शिंपी पक्षी कुठे गेले नाहीत. रोज सकाळी ओरडतात. मला झोपू देत नाहीत."

एवढंच. मी उठून स्वयंपाकघरात गेले. कुकर गॅसवर होता. शिट्टीतून वाफेचा तुरा सरळ छताला लागत होता. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले, तो शांतपणे उसळत होता.

१७ डिसेंबर

कुणाकुणाला ठाऊक होतं? सगळ्यांना. मला धक्का कानाचा कमी, ह्याचा जास्त बसला.

मी भुवनाला धरलं. "तू मला सांगितलं का नाहीस?"

ती आज ओरडली नाही, माझ्यासमोर बसून ओठ नीट हलवत म्हणाली, "आई, दोन वर्षांपूर्वी मी डॉक्टरांकडे जाऊ म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, पेटी लावणाऱ्या बाईच्या कानाला कोण हात लावतंय बघू. आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीत."

आठवलं. असं म्हणाले होते मी. वर 'अडाणी' असंही म्हणाले होते.

टीचर पेटी लावून झाल्याच्या संध्याकाळीच भुवनाला भेटल्या होत्या. वरचे सूर इतके चढलेत की कानात सुई जाते, काय करू? भुवनाने हात जोडले: आईंना सांगू नका, खालच्याच पट्ट्या वाजवा म्हणा. दोघींनी मिळून मला झाकलं, आणि मी चादर फाडून बाहेर आले.

पन्नास वर्षांत किती पेट्या लावल्या! गेल्या दोन वर्षांतल्या किती जणांनी मुकाट्याने नेल्या, पुन्हा दुसरीकडे लावून घेतल्या? मारुतीच्या देवळातली मंडळी मला अलीकडे "अक्का, तुम्ही आता टाळ धरा" म्हणतात. मला वाटलं, मान देतात.

१९ डिसेंबर

कानाच्या डॉक्टरांकडे. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर टोप्या. आवाज आला की बटण दाबा. मी वाट बघत बसले. बराच वेळ वाट बघितली. बाहेर बघते तर तपासणारी मुलगी पुढचं बटण, पुढचं बटण दाबत होती आणि माझ्याकडे बघत होती.

डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून दिली. आधी सरळ, मग तळ्याच्या पायऱ्यांसारखी खाली खाली, पाण्यात. "खालचे सूर शाबूत आहेत पाट्टी, वरचे गेलेत. हे एका दिवसात होत नाही." कानाचं यंत्र पोंगलनंतर मिळेल. गेलेलं सगळं परत येणार नाही, हेही त्यांनी लिहून दाखवलं.

२१ डिसेंबर

चर्चमध्ये गेले. आधी अमलाच्या घरी. तिची आई दार उघडून चपापली. अमला मागे लपली. मी खाली बसले. "बाळा, तू गात होतीस. माझे कान गात नव्हते. सगळ्यांसमोर तुला ओरडले, म्हणून तुझ्या घरच्यांसमोर चूक कबूल करते."

ती आईकडे बघून काहीतरी बोलली. आई हसू दाबत, मोठ्याने, तोंड समोर धरून म्हणाली, "ती विचारतेय, पाट्टीचा दात पडतो तसा कान पडला का?"

"तसाच," मी म्हटलं. "फक्त नवा येत नाही."

मग पायपेटी. ख्रिसमसला चार दिवस. टीचर म्हणाल्या, राहू द्या अक्का, कीबोर्ड आहे. मी म्हटलं, मी बिघडवलेलं मी सोडून जाणार नाही. कानस माझ्या हातात, कान दुसऱ्याचे घेईन.

आणि कान कुणाचे मिळाले? आमच्या ह्यांचे! ज्यांना सनईतलं आणि सायकलच्या हॉर्नमधलं अंतर कळत नाही म्हणून मी जन्मभर हिणवलं, ते पेटीशेजारी खुर्ची टाकून बसले. मधली पट्टी आणि वरची पट्टी एकत्र दाबली की सूर जुळेपर्यंत आवाज थरथरतो. तेवढं तर कुणालाही कळतं. टीचर पट्ट्या दाबायच्या, मी बुडाशी कानस फिरवून रीड पुन्हा बसवायची, हे हात वर धरून थरथर दाखवायचे. बोटं जोरात हलली की खूप, हळू हलली की थोडी. हात थांबला की सूर जुळला.

"तुमचा हात म्हातारपणानेच हलत नाही ना?" मी विचारलं.

"तुझ्यापुढे तो लग्नापासून हलतोय," म्हणाले. एवढं मात्र ऐकू आलं. टीचर पट्टीवर डोकं टेकून हसल्या.

बारा रीड जागेवर आल्या. दोन मी इतक्या घासल्या होत्या की आज हातात मोडल्या. त्या दोन पट्ट्यांखाली कागदाची घडी घातली. टीचरांच्या आईच्या पेटीच्या दोन जिभा मी कापल्या. टीचर म्हणाल्या, नव्या मिळतात. मिळतील. त्या ह्या नसतील.

२५ डिसेंबर

ख्रिसमस. पेटी टीचरांनी वाजवली. मी शेजारी बसले, लाकडावर तळहात ठेवून. रात्रभर मनात एकच, चौदांतल्या ज्या दोन नाहीत, नेमक्या त्याच लागल्या तर? टीचरांनी गाणं त्या दोन चुकवून बसवलं होतं. मला सांगितलं नव्हतं.

अमला पुढे आली. पहिला 'ये'. तळहाताखाली मुंगी चालल्यासारखं झालं. दुसरा 'ये'. मुंगी गेली. तिसऱ्याला लाकूडही गप्प. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. पडलेल्या दाताच्या फटीतून सूर निघताना दिसला. मागचं जे तान्हं बाळ त्या दिवशी रडलं होतं, ते आज डोळे मोठे करून तिच्याकडे बघत होतं. म्हणजे चांगला लागला असणार.

मग सगळी कुटुंबं खालच्या सुरात म्हणाली, "आम्ही घरीच आहोत." ते मला पूर्ण ऐकू आलं. शब्दन् शब्द. हे मागच्या बाकावरून बेसूर म्हणत होते, तेही.

आणि तिथेच, त्या गर्दीत, मला लावण्याचा फोन आठवला. तिचा आवाज पातळ आहे, लहानपणापासून. अमलासारखा. त्या रविवारी ती अर्धा तास बोलली. मी नेमकं काय ऐकलं होतं? आणि साखरपुड्याच्या साड्यांना भुवना दोन्ही वेळा 'बघू' का म्हणाली?

घरी येऊन भुवनाला विचारलं, लावण्याने मला त्या दिवशी काय सांगितलं? भुवनाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सांगायला तोंड उघडलं. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. ते मला तिच्याकडूनच हवं.

२६ डिसेंबर

लावण्याला पत्र पाठवलं. तिला बाळबोध, म्हणजे देवनागरी, वाचता येत नाही, म्हणून आपली मराठी तमिळ अक्षरांत लिहिली. इथे उतरून ठेवते.

"चि. लावण्यास आजीचा आशीर्वाद. तू कशी आहेस? खरं विचारतेय, फोनवर विचारते तसं नाही. इकडे आजोबांचा गुडघा खरंच कुरकुरतो, त्यांची मी माफी मागितली. तुझ्या आईची कंबर बरी. बाबांची साखर खिशात. माझे कान गेले आहेत बाळा, वरचे सूर सगळे. तुझा आवाज त्यातच होता. दोन वर्षं तू बोलत होतीस आणि मी नुसतं अंदाजाने 'छान' म्हणत होते, कळलं नाही हे कबूल करायची लाज वाटायची म्हणून. त्या रविवारी तू काय सांगितलंस, मला माहीत नाही. मी 'देवाने बरंच केलं' म्हटलं. तू गप्प झालीस. ते ज्या कशाला मी म्हटलं असेन, ते शब्द मी परत घेते. तुझी आई सांगायला निघाली होती, मीच तिला थांबवलं. तू मला पुन्हा पहिल्यापासून सांग. फोनवर नको. तमिळ अक्षरांत, मोडकं तोडकं, कसंही, पण लिहून पाठव. दारातली पत्रांची पेटी मी रोज दोनदा बघेन. लवकर लिही गं."